काम सोपवायचं कसं आणि पूर्ण करून घ्यायचं कसं

चार ते दहा माणसांच्या गटाचं काम ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. गट कार्यालयातला असो, कारखान्यातला असो किंवा एखाद्या कार्यक्रमापुरता जमलेला असो, कामं अडकण्याच्या जागा जवळपास त्याच असतात. निव्वळ आळसामुळे अडलेलं काम त्यात फार थोडं. बहुतेक कामं दोन ठिकाणी बिघडतात: सांगताना, आणि सांगून झाल्यावर प्रमुख गप्प बसतो त्या काळात. या दोन्ही जागा प्रमुखाच्याच हातातल्या आहेत. त्यामुळे खाली शिस्तीबद्दल जे येईल, त्यातलं निम्म्याहून अधिक प्रमुखाच्या स्वतःच्या शिस्तीबद्दल आहे.

काम सांगताना

"ती यादी जरा बघून घे." कुठली यादी, बघायची म्हणजे वाचायची की तपासायची की दुरुस्त करायची, आणि कधीपर्यंत? ऐकणाऱ्याच्या मनात हे प्रश्न येतात, पण विचारले तर आपल्याला काही कळत नाही असं दिसेल म्हणून तो "हो" म्हणतो. दोन दिवसांनी तुम्ही यादी मागता, तो वाचलेली यादी तशीच पुढे करतो, आणि दोघांनाही वाटतं की समोरच्याचंच चुकलं.

काम सोपवताना पाच गोष्टी बोलून घ्या. दोन मिनिटांवर वेळ लागत नाही.

1. हातात काय यायला हवं. क्रिया सांगू नका, वस्तू सांगा: "नोंदणीची यादी, दुबार नावं काढलेली, आडनावाच्या क्रमाने, एकाच फाइलमध्ये."
2. ते कशासाठी. "यावरून बसायच्या जागा ठरणार आहेत." एवढं कळलं की फोन नंबर राहिला तर चालेल पण नाव चुकलेलं चालणार नाही, हे त्याचं त्यालाच समजतं.
3. कधी. वार आणि वेळ दोन्ही: "गुरुवारी दुपारी 4 पर्यंत." 'आठवडाअखेर' म्हणजे कुणाची शुक्रवार सकाळ असते, कुणाची रविवार रात्र.
4. स्वतः कुठपर्यंत ठरवायचं. किती खर्च न विचारता करता येईल, कुणाची मदत मागता येईल, काय बदलता येईल.
5. कुठे थांबून विचारायचं. "दुबार नावं पन्नासाच्या वर गेली तर पुढे जाऊ नकोस, आधी मला सांग."

यातली दुसरी आणि पाचवी गोष्ट सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. हेतू सांगितला नाही की माणूस सांगितलेलं शब्दशः करतो, परिस्थिती बदलली तरी. थांबायची जागा सांगितली नाही की एक तर तो प्रत्येक पायरीवर विचारायला येतो, किंवा चुकीच्या दिशेने फार लांब निघून जातो.

सगळं सांगून झाल्यावर "समजलं ना?" हे विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी "हो" असतं. विमानाच्या वैमानिकाला नियंत्रण कक्षाकडून महत्त्वाची सूचना मिळाली की ती तो जशीच्या तशी परत बोलून दाखवतो, आणि चूक असेल तर कक्ष तिथल्या तिथे सुधारतो. गटात इतकी औपचारिकता नको, पण काम तेच करून घ्यायचं आहे. "सुरुवात कुठून करशील?" असं विचारा. उत्तराच्या पहिल्या दोन वाक्यांत गैरसमज बाहेर पडतो. समोरचा वयाने किंवा अनुभवाने मोठा असेल तर हाच प्रश्न परीक्षा घेतल्यासारखा लागेल, तिथे "यात तुम्हाला अडचण कुठे येईल असं वाटतं?" असं विचारावं. तपासणी तीच होते, मान राहतो, आणि बऱ्याचदा तुम्हाला न सुचलेली अडचण समजते.

किती सांगायचं हे माणसावर नाही, त्या माणसाने हे विशिष्ट काम आधी केलं आहे का यावर ठरतं. हिशेबात वीस वर्षं मुरलेला माणूस नव्या संगणकप्रणालीत नवखाच असतो. पहिल्यांदाच करणाऱ्याला कृती दाखवा आणि पहिला छोटा तुकडा, म्हणजे शंभरातल्या पाच नोंदी, लगेच पाहायला मागा. पाच नोंदींतली चूक दहा मिनिटांत निघते, शंभर नोंदींतली निस्तरायला दिवस जातो. दोन-तीनदा केलेल्याला फक्त निकाल आणि मुदत सांगा. मुरलेल्याला पद्धत सांगायला गेलात तर तो काम तुमच्या पद्धतीने करेल खरा, पण पुढच्या वेळी स्वतःचं डोकं वापरणार नाही.

एका कामाला एकच नाव

"तुम्ही दोघं मिळून बघा" म्हटलं की ते काम बहुधा कुणीच बघत नाही. फ्रेंच कृषी अभियंते मॅक्स रिंगेलमान यांनी दोर ओढणाऱ्या माणसांची ताकद मोजली होती. ती मोजमापं 1913 मध्ये प्रसिद्ध झाली. एकटा माणूस लावतो ती ताकद 100 धरली, तर आठ जणांच्या गटात प्रत्येकाच्या वाट्याची ताकद निम्म्यावर येत होती. याचं काही कारण एकत्र ओढताना ताळमेळ न जमणं हे आहे. पण पुढे 1970 च्या दशकात, डोळे बांधलेल्या माणसाला 'तुझ्या मागे आणखी लोक ओढत आहेत' एवढं नुसतं भासवूनही प्रयोग झाले, आणि मागे कुणी नसतानाही जोर कमी लागला.

म्हणून मदतीला कितीही माणसं द्या, पण उत्तर देणारा एकच असू द्या, आणि ते नाव सगळ्यांसमोर घ्या. ग्रुपवर "कुणीतरी हे करा प्लीज" असा मेसेज टाकणं म्हणजे काम सोपवणं नव्हे. त्याखाली सहा अंगठे येतात आणि काम जागच्या जागी राहतं.

मुदत कशी ठरवायची

माणसाला विचारलं "किती दिवस लागतील?" तर तो सगळं सुरळीत झालं असं धरून उत्तर देतो. मुद्दाम फसवत नाही, अंदाज तसाच येतो. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कॅनडातल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना आपला प्रबंध कधी पूर्ण होईल ते विचारलं होतं. सरासरी अंदाज सुमारे 34 दिवसांचा होता. 'सगळंच बिघडलं तर' असं धरून दिलेला अंदाज सुमारे 49 दिवसांचा. प्रत्यक्षात लागले सरासरी 55 हून जास्त. म्हणजे वाईटात वाईट धरलेला आकडाही पुरला नाही.

यावर उपाय सोपा आहे, फक्त कंटाळवाणा आहे. "किती लागतील?" ऐवजी "मागच्या वेळी अशाच कामाला किती लागले होते?" असं विचारा आणि तो आकडा धरा. यासाठी झालेल्या कामांची नोंद हवी: काम, धरलेले दिवस, लागलेले दिवस. वीसेक नोंदी झाल्या की तुमच्या गटाचा अंदाज नेहमी किती पटीने चुकतो ते दिसू लागतं. समजा, बहुतेक कामांना दीडपट वेळ लागतो. मग चार दिवस म्हटलं की सहा धरा, वाद घालू नका.

नोंद नसेल तर कामाचे तुकडे करा. एकेक तुकडा जास्तीत जास्त दोन दिवसांचा. जो तुकडा कुणाला फोडता येत नाही, तिथे काय करायचं ते अजून कुणालाच कळलेलं नाही असं समजा आणि आधी तेवढंच शोधून काढा.

उलट बाजूही आहे. काम उपलब्ध वेळ भरून काढेपर्यंत पसरत जातं, हे नॉर्थकोट पार्किन्सन यांनी 1955 मध्ये चेष्टेच्या सुरात लिहिलं, ते आजही खरं ठरतं. तीन दिवसांच्या कामाला पंधरा दिवस दिले तर पहिले बारा दिवस त्याला कुणी हात लावत नाही. म्हणून राखीव दिवस प्रत्येक माणसाच्या मुदतीत वाटून टाकू नका. माणसांना खऱ्या अंदाजाची मुदत द्या आणि राखीव दिवस संपूर्ण कामाच्या शेवटी एकत्र, स्वतःकडे ठेवा. ते लपवायचे नाहीत. किती आहेत आणि कुठल्या कारणाने खर्च होतील, हे गटाला माहीत असावं. फक्त ते काढायचा अधिकार एकाच्याच हातात असावा.

हातात किती कामं घ्यायची

एक ना धड, भाराभर चिंध्या: बहुतेक गट इथेच अडकलेले असतात. यामागे एक साधं गणित आहे. ते जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलं आणि ते बँकेच्या रांगेपासून कारखान्यापर्यंत सगळीकडे लागू पडतं. एखादं काम सुरू होऊन संपेपर्यंत सरासरी किती काळ लागेल? हातातली एकूण कामं भागिले दर आठवड्याला पूर्ण होणारी कामं. गट आठवड्याला 6 कामं पूर्ण करतो आणि 24 हातात आहेत, तर प्रत्येक कामाला सरासरी 4 आठवडे. गटाचा वेग तोच राहून हातात 12 ठेवली तर 2 आठवडे. कुणी जास्त राबलं नाही, फक्त नवी कामं दारात थांबवली.

प्रत्यक्षात वेग थोडा वाढतोही, कारण एका कामातून दुसऱ्यात जाताना मन आधीच्या कामात रेंगाळतं आणि परत आल्यावर "कुठे होतो आपण?" यात वेळ जातो.

करायचं असं. आज हातात असलेली सगळी कामं एका पानावर लिहा, अर्धवट सोडलेलीसुद्धा. त्यांची संख्या माणसांच्या संख्येच्या दुप्पट होईल इतकी खाली आणा. सहा माणसं, बारा कामं. उरलेली 'थांबवलेली' या वेगळ्या पानावर जातील आणि ती मागणाऱ्यांना तसं कळवावं लागेल. हे कळवणं जिवावर येतं, म्हणून बहुतेक जण इथेच माघार घेतात. पण न कळवता सगळी कामं थोडी थोडी पुढे ढकलत राहिलात तर प्रत्येकालाच उशीर होतो आणि तो शेवटच्या दिवशी कळतो.

वरून नवं काम आलं की "नाही" म्हणायची गरज नाही. पान समोर ठेवा: "हे सोमवारपासून घेतो. त्यासाठी या बारातलं कुठलं थांबवू?" निवड ज्याची त्याने करावी. वरिष्ठ "सगळंच करा" म्हणाले तर तुम्ही लावलेला क्रम लेखी कळवा आणि त्याप्रमाणे चला.

पाठपुराव्याची वही

वही असो, फलक असो की संगणकावरचा तक्ता, रकाने सहा पुरतात: काम, कुणाचं, दिलं कधी, मुदत, मधली तपासणी कधी, सध्या काय. अनेकांच्या तक्त्यात बाकी सगळं असतं, 'मधली तपासणी' नसते. आणि खरं तर पाठपुरावा तिथेच होतो. मुदतीच्या दिवशी विचारणं म्हणजे फक्त निकाल ऐकणं. त्या वेळी करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

मधली तपासणी कुठे ठेवायची? दोन दिवसांच्या कामाला नको. आठवड्याच्या कामाला एक, तिसऱ्या दिवशी. त्याहून उशिरा नाही, कारण दिशा चुकली असेल तर वळायला निम्मा वेळ हातात हवा. महिन्याच्या कामाला आठवड्याला एक, आणि पहिली चौथ्या-पाचव्या दिवशीच. या तारखा काम सोपवताना सांगून ठेवा. आधी ठरलेली तपासणी ही कामाचा भाग वाटते. अचानक येऊन विचारणं संशय घेतल्यासारखं वाटतं. प्रश्न तोच असला तरी.

"कुठपर्यंत आलं?" याला उत्तर मिळतं "झालंच आहे, थोडं राहिलंय." नव्वद टक्के झालेलं काम महिनाभर नव्वद टक्क्यांवरच असू शकतं. म्हणून सांगायला लावू नका, दाखवायला लावा. "आतापर्यंतच्या नोंदी उघड, बघू." टक्क्यांऐवजी मोजता येईल असं विचारा: शंभरातल्या किती झाल्या, किती बाकी, त्यातल्या अवघड किती. आणि शेवटी: "माझ्याकडून काही अडलंय का?" हा प्रश्न शिष्टाचार म्हणून नसतो. अडलेल्या कामांपैकी बरीच प्रमुखाच्याच सहीसाठी, उत्तरासाठी किंवा निर्णयासाठी पडून असतात.

ठरलेल्या दिवशी तपासणीला तुम्हीच गेला नाहीत, असं दोनदा झालं की तारखा कागदावर राहतात. गट तुमचं बोलणं ऐकत नाही, तुम्ही काय तपासता ते पाहतो. ज्या गोष्टीबद्दल तुम्ही कधीच विचारत नाही ती महत्त्वाची नाही, असा अर्थ सगळे बरोबर काढतात.

एक धोका उलट दिशेचा. तपासणीला गेलेला प्रमुख चूक दिसताच स्वतः खुर्चीत बसतो आणि "आण इकडे" म्हणत काम करून टाकतो. त्या दिवसाचं काम वाचतं, पण दोन महिन्यांत सगळी अवघड कामं तुमच्याच टेबलावर आलेली असतात. चूक दाखवा, दुरुस्ती त्याच्याच हातून होऊ द्या. अपवाद एकच: मुदत तासांवर आली असेल आणि चुकीचा फटका बाहेरच्या कुणाला बसणार असेल.

बैठका

रोजची पंधरा मिनिटं, ठरलेल्या वेळी, शक्यतो उभ्याने. प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या: काल काय पूर्ण झालं, आज काय पूर्ण होणार, कुठे अडलंय. अडलेल्याचा उपाय तिथे शोधायचा नाही. ज्या दोघा-तिघांचा संबंध आहे त्यांनी नंतर थांबावं, बाकीच्यांनी कामाला लागावं. रोजची बैठक बिघडते ती इथेच: एक अडचण निघते, तिच्यावर दोघं बोलत राहतात आणि सहा जण ऐकत उभे असतात.

सगळे येईपर्यंत थांबू नका. उशिरा येणाऱ्यासाठी थांबणं म्हणजे वेळेवर आलेल्यांना शिक्षा. दोन आठवडे ठोक्याला सुरू केली की बहुतेक जण आपोआप वेळेवर येतात.

आठवड्याची बैठक पाऊण तासाची, आणि तिच्यात वही उघडी हवी. आधी मुदत उलटलेली कामं, मग या आठवड्यात मुदत असलेली, मग नवी. शेवटची पाच मिनिटं फक्त एवढ्यासाठी: आज काय ठरलं ते मोठ्याने वाचायचं, प्रत्येक गोष्टीसमोर नाव आणि तारीख. ज्याला नाव मिळत नाही ते ठरलेलंच नाही, खोडून टाका.

गट वाढत गेला की हे सगळं का कोलमडतं, त्याचं कारण माणसांमधल्या जोड्यांत आहे. चार माणसांत बोलायच्या जोड्या 6 होतात, आठांत 28, बारांत 66. माणसं तिप्पट झाली, जोड्या अकरा पट. दहाच्या वर गेलात तर दोन गट करा आणि दोघांना वेगवेगळा प्रमुख द्या. आणि उशीर झालेल्या कामात शेवटच्या टप्प्यावर नवी माणसं घालताना दहा वेळा विचार करा; त्यांना समजावून सांगण्यात नेमका जुन्या, जाणत्या माणसांचाच वेळ जातो.

वाईट बातमी वेळेवर कशी येईल

27 मार्च 1977 रोजी टेनेरिफच्या विमानतळावर धुक्यात दोन जंबो विमानांची धावपट्टीवरच टक्कर झाली आणि 583 माणसं गेली. उड्डाणासाठी धावत सुटलेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती की समोरचं विमान अजून धावपट्टीवरून हटलेलं नाही. त्याने ती प्रश्नाच्या रूपात विचारली. कॅप्टन त्या कंपनीतला अतिशय ज्येष्ठ वैमानिक. त्याने ठामपणे उत्तर दिलं की हटलं आहे, आणि विषय तिथे संपला. पुढे वैमानिकांच्या प्रशिक्षणात वरिष्ठापुढे शंका कशी मांडायची आणि वरिष्ठाने ती कशी ऐकायची, हा स्वतंत्र विषय झाला.

रोजच्या कामात जीव जात नाहीत, पण घडतं असंच. शंका हळू आवाजात येते, प्रमुख "काही नाही होत" म्हणतो, आणि नंतर बैल गेला अन् झोपा केला. बातमी लवकर यावी यासाठी "माझा दरवाजा नेहमी उघडा आहे" असं सांगून काही होत नाही. पुढच्या तीन गोष्टींनी होतं.

पहिली, बातमी आणणाऱ्याला मिळणारं पहिलं वाक्य. "असं कसं झालं?" हे नको. "बरं झालं आज सांगितलंस. किती नुकसान आहे, आणि आत्ता काय करता येईल?" कारणं उद्या शोधू. पहिल्या बातमीला आरडाओरडा झाला तर दुसरी बातमी तुम्हाला बाहेरच्या माणसाकडून कळते.

दुसरी, कळवायची ठरलेली रेषा: "मुदत एक दिवसही चुकणार असं वाटलं तर त्याच दिवशी सांगायचं. चुकल्यावर सांगितलेलं धरणार नाही." रेषा ठरलेली असली की सांगणाऱ्याला धीर गोळा करावा लागत नाही, तो नियम पाळतो. टोयोटाच्या कारखान्यात जुळणी करणाऱ्या कामगाराला काही खटकलं की त्याने दोरी ओढायची असते. दोरी ओढली की गटप्रमुख तिथे येतो, आणि ठरावीक टप्प्यापर्यंत अडचण सुटली नाही तरच मार्गिका थांबते. कामगाराने चूक नेमकी काय आहे ते सिद्ध करायचं नसतं. खटकलं एवढं पुरतं.

तिसरी, बोलायचा क्रम. निर्णयाच्या बैठकीत प्रमुखाने शेवटी बोलावं आणि सगळ्यात नव्या माणसाने आधी. तुम्ही आधी मत दिलंत की उरलेल्यांचं काम हो ला हो मिळवण्याचं राहतं. मोठं काम सुरू करण्यापूर्वी आणखी एक करून बघा: "समजा सहा महिने उलटले आणि हे काम पूर्ण फसलं आहे. का फसलं ते प्रत्येकाने पाच मिनिटं कागदावर लिहा." भविष्य फसलेलं धरूनच प्रश्न विचारल्यामुळे शंका काढणारा नकारघंटा ठरत नाही. आलेल्या कारणांतली दोन-तीन तरी अशी निघतात की ज्यांची व्यवस्था आजच करता येते.

तपासणीची यादी

वारंवार होणाऱ्या कामासाठी यादी करा. 30 ऑक्टोबर 1935 रोजी एका नव्या चार इंजिनांच्या बॉम्बरची चाचणी होती. वाऱ्याने नियंत्रण पृष्ठभाग, म्हणजे विमान वळवणारे आणि वर-खाली नेणारे हलते भाग, हलू नयेत म्हणून जमिनीवर असताना लावलेलं कुलूप काढायचं राहिलं, आणि ते विमान उड्डाण होताच कोसळलं. चालवणारे अननुभवी नव्हते. विमानातल्या पायऱ्या आठवणीच्या आवाक्याबाहेर गेल्या होत्या. त्यानंतर उड्डाणापूर्वीच्या याद्या रुळल्या.

पण यादी छापून वाटली की काम झालं, असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेसाठी 19 बाबींची यादी आणली. आठ रुग्णालयांतल्या पहिल्या अभ्यासात मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आलं. पुढे कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात 101 रुग्णालयांत ती लागू झाली, तिथे 2014 च्या अहवालात म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. असं का, यावर बराच वाद झाला. यादी वरून आली, खुणा केल्या गेल्या, पण थांबून बोलणं झालं नाही, हे त्यातलं एक स्पष्टीकरण. कुठल्याही कार्यालयात शेवटच्या पाच मिनिटांत एकाच पेनने, एकाच दमात भरलेली यादी पाहिली की हे पटतं.

त्यामुळे यादी करताना: एका थांब्यावर पाच ते नऊ बाबी, त्याहून जास्त झाल्या तर थांबे वाढवा. ज्या बाबी कुणी कधी विसरतच नाही त्या काढून टाका, नाहीतर डोळे नुसते घसरत जातात. बाबी कृतीच्या भाषेत: 'फाइलची काळजी घेणे' असं नको, 'फाइलची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवली' असं हवं. थांबा कामात आपोआप येणारा असावा, जसं पाठवण्याच्या आधी, कुलूप लावण्याच्या आधी. एकाने वाचायचं, दुसऱ्याने बघून उत्तर द्यायचं. आणि यादी ती वापरणाऱ्यांनीच लिहायची. दर तीन महिन्यांनी तिच्यातलं काही कमी झालंच पाहिजे. नुसती वाढणारी यादी वर्षभरात कुणी वाचत नाही.

कुणी ठरलेलं पाळलं नाही तर

आधी कारण वेगळं करा. माहीत नव्हतं, जमत नव्हतं, की करायचं नव्हतं? पहिल्याला सांगणं लागतं, दुसऱ्याला शिकवणं किंवा साधन, तिसऱ्याला कानउघाडणी. जमत नसलेल्याला कानउघाडणी दिली तर तो घाबरून चुका लपवतो.

बोलायचं ते एकट्यात आणि दोन दिवसांच्या आत. काय ठरलं होतं, काय झालं, त्याने कुणाचं काय अडलं, एवढं सांगा आणि थांबा. "तू नेहमीच असं करतोस" हे टाळा. माणूस लगेच 'नेहमी' नसल्याचे दाखले द्यायला लागतो आणि मूळ गोष्ट बाजूला पडते. ऐकून घेतल्यावर पुढच्या वेळी काय वेगळं होईल ते त्याच्याच तोंडून येऊ द्या, तारखेसकट. तुम्ही ती वहीत लिहा.

दुसऱ्यांदा तेच झालं तर परिणाम स्पष्ट सांगा, आणि तोच परिणाम सांगा जो तुम्ही खरोखर अमलात आणू शकता. तिसऱ्यांदा तो अमलात आणा. पोकळ धमकीपेक्षा काहीच न बोलणं परवडलं.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे लेकी बोले सुने लागे पद्धतीने बैठकीत सगळ्यांना मिळून सुनावणं: "काही लोक वेळेवर येत नाहीत." ज्याला लागायला हवं त्याला लागत नाही, आणि वेळेवर येणारे दुखावतात. नियम मोडणारा तुमचा सगळ्यात हुशार माणूस असेल तर तिथेच तुमची कसोटी असते. त्याला सूट दिलीत तर बाकीच्यांसाठी तो नियम त्याच दिवशी संपला. सूट खरंच हवी असेल तर नियम सगळ्यांसाठी बदला.

चांगलं काम मात्र नेमकं सांगा. "छान" यातून काही कळत नाही. "दुबार नावं काढताना पत्तेही ताडून पाहिलेस, त्यामुळे दोन चुका वाचल्या" यातून पुढच्या वेळी काय करायचं ते कळतं.

प्रमुखाचा स्वतःचा दिवस

दिवसातला एक दीड तासाचा तुकडा, शक्यतो पहिला, फोन बाजूला ठेवून एकाच कामासाठी राखा आणि ती वेळ गटाला सांगून ठेवा. त्यानंतर उरलेला दिवस अडथळ्यांचाच आहे असं धरा. प्रमुखाचं ते कामच आहे, त्यावर वैतागून उपयोग नाही. वेळापत्रकात दिवसाच्या साठ टक्क्यांहून जास्त भरू नका.

सवय लावायची असेल तर 'रोज वही बघेन' असं ठरवून ती लागत नाही. वेळ आणि जागा जोडा: 'दुपारी जेवून टेबलाशी आलो की आधी वही उघडेन.' अमुक झालं की तमुक करेन, अशा स्वरूपात ठरवलेल्या गोष्टी जास्त पार पडतात, हे मानसशास्त्रातल्या बऱ्याच प्रयोगांत दिसलेलं आहे. सहीसाठी, मंजुरीसाठी तुमच्याकडे आलेला कागद चोवीस तासांच्या आत बाहेर जाईल हा एक नियम स्वतःला लावून घ्या. गटाचा वेग बहुतेक वेळा याच टेबलावर ठरतो.

वर्षातून दोन-तीनदा आठवडाभराची रजा घ्या आणि तुम्हाला फोन करायची मुभा फक्त एकाच माणसाला, एकाच कारणासाठी द्या. निघण्यापूर्वी वही त्याच्या हाती सोपवा. परत आल्यावर काय बिघडलं ते विचारू नका, काय अडून राहिलं ते विचारा. जे तुमच्यावाचून अडलं त्या प्रत्येक गोष्टीसमोर एक नाव लिहा आणि पुढच्या रजेपूर्वी ते काम त्या माणसाला शिकवा, वर सांगितलेल्या पाच गोष्टींपासून सुरुवात करून. चौथी गोष्ट, म्हणजे अधिकार, या वेळी लेखी द्या. रजेच्या काळात लोक नेमके तिथेच अडतात: काम येत असतं, पण 'सही कुणी करायची?' याचं उत्तर नसतं.